मास्तरांची नातवंडं

माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, पुण्यात सगळी उमेद बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवण्यात घालवली. मूळचा त्यांचा हात हलगीचा. सनईही चांगली यायची. १९७२च्या दुष्काळात करमाळा तालुक्यातून बायको आणि एक ट्रंक घेऊन ते पुण्याला आले, तेव्हा सनई बरोबर आणली आणि हलगी चुलत्याच्या घरी ठेवून दिली. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत कुणी विचारलंच, तर सांगायचे, "हलगी मला येत न्हाई." हे खरं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर बोलता बोलता त्यांची बोटं पाटाच्या कडेवर अशी चालायची की आई हातातलं काम थांबवून बघत राहायची.

हलगी का सोडली हे ते फार उशिरा बोलले. गावात आमच्या घराकडे वाजवण्याचं बलुतं होतं. लग्नाची वरात, जत्रेतली पालखी, पोळ्याची मिरवणूक आणि कुणाची मयत, सगळीकडे हलगी लागायची आणि बोलावणं हाकेनं यायचं. हाकेत नाव नसायचं, जात असायची. लग्नात दिवसभर वाजवून झालं की मांडवाच्या बाहेर उकिरड्याच्या अंगाला बसवून भाकरी वाढायचे, तीही वरून टाकून. हलगी उचलली की हे सगळं बरोबर येतं, असं आण्णांच्या मनात पक्कं बसलं होतं. वाद्याशी त्यांचं काही भांडण नव्हतं. ज्या रीतीनं ते वाजवून घेतलं जायचं, ती रीत त्यांना पुण्यात नको होती.

बँडनं त्यांना पहिल्यांदा कोट दिला. लाल कापड, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. पेठेतल्या एका बँडच्या मालकानं त्यांची सनई ऐकली आणि हातात क्लॅरोनेट दिलं. सनईवाल्याला ते लगेच जमेल असं वाटतं, पण तसं नसतं. सनईत फुंक जोरात मारली की तीच बोटं वरच्या सप्तकात तोच सूर देतात. क्लॅरोनेटला मात्र फुंकेनं सूर वर गेला की तो आठव्याऐवजी बाराव्या जागेवर जाऊन बसतो, म्हणून वरच्या पट्टीची बोटं निराळी आणि वर किल्ल्यांचं जाळं वेगळं. आण्णा अख्खा पावसाळा पर्वतीच्या पायथ्याशी जाऊन फुंकत बसायचे. लग्नसराई सुरू झाली तेव्हा ते रांगेत उभे होते, आणि पुढे काही वर्षांनी लोक त्यांना मास्तर म्हणायला लागले. गावात 'ए वाजंत्र्या' ऐकलेल्या माणसाला मास्तर या हाकेचं काय वाटत असेल, हे मी शाळेत शिक्षिका झाले आणि मुलं मला बाई म्हणू लागली तेव्हा थोडं कळलं.

शिकणं सगळं कानावर. बुधवारी रात्री रेडिओवर बिनाका गीतमाला लागली की घरात कुणी भांडं आपटायचं नाही. नवं गाणं आलं की आण्णा मुखड्याकडे फारसं लक्ष द्यायचे नाहीत, तो कुणालाही येतो म्हणायचे. त्यांचा कान दोन ओळींच्या मधल्या वाजवण्यावर असायचा. बँडवाले त्याला नुसतं म्युझिक म्हणतात. "गाणं लोकांच्या तोंडात असतंय, म्युझिक आपण द्यायचं. तिथं चुकलं की मांडवातली म्हातारीसुद्धा वळून बघती," हे त्यांचं ठाम मत. ते खरंच आहे. वरातीत माणसं गाण्याच्या ओळीला टाळ्या वाजवतात आणि मधल्या तुकड्यावर नाचतात.

त्यांच्या बँडमधल्या एका वयस्कर ट्रंपेटवाल्यानं त्यांना 'अलबेला'ची गाणी शिकवली होती. तो सिनेमा १९५१चा, म्हणजे आण्णांच्या जन्माच्या आसपासचा. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि त्यात ट्रंपेट गाजवणारा चिक चॉकलेट हा गोव्याचा माणूस. त्याचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो. गोव्याच्या चर्चमध्ये नोटेशन शिकलेली ही पोरं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं. त्यांनी वाजवलेले तुकडे रेडिओतून उतरून आमच्या वस्तीतल्या, नोटेशनचा कागदही न पाहिलेल्या माणसांच्या ओठांवर बसले. आण्णांना चिक चॉकलेट हे नाव मी सांगितलं तेव्हा माहीत झालं. तुकडा मात्र त्यांना चाळीस वर्षं पाठ होता. लोकप्रिय बँडचा ठसा टिकतो तो असा, असं मला वाटतं. वाजवणाऱ्याचं नाव विसरलं जातं आणि त्याची एक वळणाची जागा पुढच्या चौघांच्या बोटांत राहते.

गणपतीत आण्णा आम्हाला खांद्यावर घेऊन लक्ष्मी रोडला जायचे. ते ज्या बँडमध्ये होते तो छोटा; त्याची सुपारी उपनगरातल्या मंडळांची असायची आणि तीही बऱ्याचदा आदल्या दिवसांची. विसर्जनाच्या दिवशी सवड मिळाली की ते प्रभात बँड ऐकायला उभे राहायचे. प्रभातवाले चौकात थांबून नाट्यपद वाजवायचे, तेव्हा आजूबाजूचा गोंगाट आपोआप खाली यायचा. दरबार बँड आला की तिथली रंगत वेगळी. इक्बाल दरबार यांचं नाव आण्णा कानाच्या पाळीला बोट लावूनच घ्यायचे. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक अलका टॉकीजच्या चौकात पोहोचेपर्यंत बँड बहुतेक वेळ चालत आणि वाजवत असतो. फुंकेचं वाद्य चालता चालता वाजवणं ही वेगळीच कसरत आहे. पाऊल पडलं की ओठ हलतो. आण्णा आम्हाला गणपती दाखवायचे आणि लगेच म्हणायचे, "आता पाय बघा त्यांचे."

कोटानं सगळं बदललं असं मात्र मी लिहिणार नाही. शहरातल्या मंगल कार्यालयांतही बँडवाल्यांची पानं शेवटी मांडली जायची, मागच्या अंगणात, कधी भांडी घासायच्या नळाजवळ. हाक सुधारली होती, पंगत सुधारायला वेळ लागला. आण्णा त्यामुळे बऱ्याचदा घरूनच डबा न्यायचे.

माझ्या धाकट्या भावानं ट्रंपेट धरला तेव्हा हवा फिरली होती. ऐंशीच्या दशकात आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या कॅसेट प्रत्येक रिक्षात वाजू लागल्या. हे प्रल्हाद शिंदे यांचे मुलगे. प्रल्हाददादा मंगळवेढ्याकडचे, आईवडिलांबरोबर गात फिरलेले, पुढे कव्वालीच्या कोरसात उभे राहिलेले. त्यांच्या भक्तिगीतांनी घराघरातली सकाळ व्हायची. पुढे आदर्श आणि उत्कर्ष ही नातवंडंही त्याच वाटेनं आली. आमच्या वस्तीत या घराण्याकडे गायक म्हणून तर बघायचेच, पण एका घरानं गाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आणि मान मिळवला, याचा पुरावा म्हणूनही बघायचे. भाऊ बेंजो पार्टीत गेला. हातगाडीवर बेंजो, कॅशिओ, दोन भोंगे आणि जनरेटर. मग डीजेच्या भिंती आल्या आणि वरातीला बारा माणसांचा बँड सांगणारे कमी झाले. एका गाडीत सगळं मावतं, जेवायला दोनच माणसं असतात, यजमानांचं गणित साधं होतं. भावानं दिवसा रिक्षा धरली आणि ट्रंपेट तिथींपुरता राहिला.

त्याची दोन मुलं, माझा भाचा आणि माझी भाची, यांच्याबद्दलच खरं तर मला लिहायचं होतं. भाचा शाळेत होता तेव्हा 'फँड्री' हा सिनेमा आला. त्यातला जब्या झालेला सोमनाथ अवघडे आमच्याच करमाळा तालुक्यातला, केमचा. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना तो गावात हलगी वाजवताना दिसला होता, आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१६ला 'सैराट'. अजय-अतुल या दोन भावांनी एकीकडे लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं, आणि दुसरीकडे जत्रेतला ठेका असा वाजवला की त्या उन्हाळ्यात पुण्यातल्या प्रत्येक मांडवात तेच ऐकू येत होतं. त्याआधी 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. त्यातलं संबळ ऐकूनच भाचीनं संबळाचा हट्ट धरला होता. जे वाद्य आजोबांनी गावात सोडलं, ते नातवंडांना पडद्यावरून, मानाचं होऊन भेटलं.

भाचा आण्णांसमोर बसला आणि म्हणाला, "आजोबा, मला हलगी शिकवा."

आण्णा म्हणाले, "क्लॅरोनेट शिकवतो."

"ते पण शिकीन. आधी हलगी."

आण्णा उठून बाहेर गेले. घरात बरेच दिवस या विषयावर कुणी बोललं नाही. भाचा मोबाइलवर व्हिडिओ बघून पत्र्याच्या डब्यावर बडवत होता आणि आण्णा आतल्या खोलीत बसून ते ऐकत होते. चुकीचा हात सतत कानावर पडणं त्यांना शेवटी सोसलं नाही, असा माझा अंदाज आहे. एका सकाळी ते त्याला म्हणाले, "डावी काडी पातळ लागती. ती वाजवत न्हाईत, ती बोलती. ठोका उजव्या हाताचा." आणि मग अट घातली. जिथं वाजवायला जाशील तिथं आधी विचारायचं, जेवायला कुठं बसवणार. सगळ्यांच्या पंगतीत बसवणार असतील तरच इसार घ्यायचा. आणि मयतीला वाजवायची ती फक्त आपल्या माणसाच्या, आपल्या मनानं.

गावाहून चुलत्याकडची हलगी आली. चामडं गेलेलं होतं, कडं शाबूत. हल्ली फायबरचं पान चढवतात. ते पावसात उतरत नाही, शेकावं लागत नाही. आण्णांनी चामडंच चढवायला लावलं आणि वस्तीच्या कोपऱ्यावर कागद पेटवून शेकायला शिकवलं. भाच्याकडे आता दोन्ही आहेत. भर पावसात, ऑगस्टमधल्या कार्यक्रमाला तो फायबरची नेतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

भाचीची वाट निराळी. आमच्या घरात मुलींना वाजवायला शिकवलं नव्हतं. मी ऐकून सगळे ठेके ओळखते, पण माझ्या हातात कुणी काडी दिली नाही. तिला दार उघडलं ते पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांमुळे, हे मान्य करायला हवं. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा पथकांतून मुली ढोल बांधून रस्त्यावर उतरल्या आणि बाईमाणसानं चारचौघांत वाजवण्याची लाज शहरातून गेली. भाची नदीपात्रातल्या सरावाला दोन हंगाम गेली. तिथल्या मैत्रिणी नोकरी-कॉलेज सांभाळून हौसेनं वाजवतात, सेवा म्हणून वाजवतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण जिच्या घराचं भाडं वाद्यावर चालतं तिला "अगं, पथक तर फुकट येतंय" असं ऐकावं लागतं तेव्हा मला राग येतो. वाजवणं हे काम आहे आणि कामाचे पैसे ठरवून, वेळेवर द्यायला हवेत. आता ती संबळ वाजवते आणि आण्णांच्या सनईवर सूर धरते. शंकरराव आणि प्रभाशंकर गायकवाडांच्या घराण्यातली नम्रता गायकवाड मैफलीत सनई वाजवताना तिनं पाहिली, त्या दिवसापासून आजोबांची सनई तिच्याच उशाशी असते.

२०२० साली चैत्र-वैशाखाच्या सगळ्या तिथी गेल्या आणि पुढे गणपतीची मिरवणूकही निघाली नाही. मंडळांनी मांडवातच विसर्जन केलं. वस्तीत त्या काळात बँडवाल्यांनी भाजी विकली, काहींनी वाद्यं विकली. युफोनियम रद्दीच्या भावानं जाताना मी पाहिलं आहे. आमच्या घरात रिक्षाही बंद, ट्रंपेटही बंद. माझ्या पगारावर दोन्ही घरं चालली. पण तीन पिढ्या एका खोलीत अडकल्या आणि आण्णांकडचं बरंच काही तेव्हाच मुलांकडे आलं. पालखीचा ठेका, लग्नातल्या परण्याचा, कुस्तीच्या फडातला चढत जाणारा. आण्णांनी ते कधी मोजून शिकवलं नाही. ते तोंडानं बोल म्हणायचे आणि भाचा फोनवर ध्वनिमुद्रित करायचा.

आता दोघं मिळून एक गाणं बसवत आहेत. हलगी, संबळ, सनई, आणि मध्ये त्यांच्या बाबाचा ट्रंपेट. मधल्या जागेत भाच्यानं आजोबांच्या 'अलबेला'च्या दिवसांतला एक तुकडा क्लॅरोनेटसाठी घेतला. आण्णा ऐकत बसले होते, त्यांनी हातानंच थांबवलं.

"हा तुकडा क्लॅरोनेटचा न्हाई. तो ट्रंपेटचा. बापाला दे."

"पण आजोबा, तुम्हीच तर क्लॅरोनेटवर वाजवायचात."

"आमच्या बँडात ट्रंपेटवाला म्हातारा झाला होता, वरचा सूर लागत नव्हता त्याला. म्हणून मी घ्यायचो."

भावानं ट्रंपेट काढला. वरचा सूर पहिल्या खेपेला फाटला, दुसऱ्या खेपेलाही. रिक्षा चालवणाऱ्याचा ओठ रोजच्या सरावाचा राहत नाही. भाचीनं पट्टी अर्ध्या सुरानं खाली घ्यायची का विचारलं, तर आण्णा नको म्हणाले, सनईला ती पट्टी मिळणार नाही. मग भावानं रोज पहाटे रिक्षा काढायच्या आधी पर्वतीच्या पायथ्याशी जायचं ठरलं, आणि ध्वनिमुद्रण दिवाळीनंतर ढकललं.