उसातले पहारेकरी

साताऱ्याहून सांगलीकडे एसटीने जाताना कराड सुटले की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो. तुम्ही घरी ज्याला गन्ना म्हणता, तोच हा. २००२ साली या उसावर एक पांढरे संकट आले.

त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली कापूस चिकटल्यासारखा दिसू लागला. तो कापूस नव्हता, ते हजारो बारीक किडे होते. अंगावर लोकरीसारखे पांढरे मेण, म्हणून त्यांना लोकरी मावा म्हणतात. ईशान्य भारतात ही कीड पूर्वीपासून होती. मावा पानातला रस शोषतो आणि चिकट, गोड थेंब खालच्या पानांवर टाकतो. त्यांवर काळी बुरशी वाढते. उसाचे वजन घटते, साखरही कमी उतरते. माव्याची मादी सरळ पिल्लांनाच जन्म देते, त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पंख फुटलेले मावे वाऱ्याबरोबर गेले. बाकीचे काम माणसांनी केले! जनावरांसाठी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाने, गावोगाव नेली. त्यांतून मावाही गेला. पाहता पाहता तो सातारा, कोल्हापूर आणि कर्नाटकात पोचला.

घरचे लग्न, मुलांची फी, सोसायटीचे कर्ज, सारे उसाच्या बिलावर अवलंबून. मग शेतकरी हातावर हात ठेवून कसा बसेल? त्याने पाठीला पंप लावला आणि औषध मारले. हा शब्द पाहा : औषध. उर्दू बोलणारा शेतकरीही 'दवा'च म्हणतो. खरे तर ते विष आहे. त्याला औषध म्हटले की हात सैल सुटतो, असे मला वाटते.

शिवाय डोक्यापेक्षा उंच उसात शिरायचे कसे? पाने अंगाला कापतात, आणि फवारा सगळीकडे पोचतही नाही.

त्याच पानांखाली आणखी कोणीतरी होते. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या गर्दीत जाळे विणून राहते आणि मावा खाते. मायक्रोमस हा तपकिरी कीटक तर अळी असतानाही मावा खातो आणि मोठा झाल्यावरही. हे पहारेकरी न बोलावता आले होते. पण विष शत्रू-मित्र ओळखत नाही. फवारणीने मावा मरे, तसे पहारेकरीही मरत. मग उरलेला मावा पुन्हा वाढे.

शास्त्रज्ञ सांगू लागले, "फवारणी आवरा, मित्रकीटक वाढवा." डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून दुसऱ्या शेतात नेली गेली आणि तिथल्या मावा लागलेल्या पानांना टाचली गेली. विचार करा, ज्याचा ऊस डोळ्यांदेखत काळा पडतो आहे, त्याला "थांबा" म्हणणे किती कठीण! पण पुढच्या काही हंगामांत मित्रकीटक पसरले आणि माव्याचा जोर ओसरला. मावा संपला मात्र नाही. अजूनही अधूनमधून दिसतो.

आता उंच उसावर ड्रोनने फवारणी करता येते. माणसाला विषात भिजावे लागत नाही, हा फायदा लहान नाही. पण वरून उडणाऱ्या ड्रोनला पानाखालची अळी कशी दिसणार? ती आधी कोणीतरी पाहिली पाहिजे. तुमच्या गावात ऊस असेल, तर पावसाळ्यात मालकाला विचारून एखादे पान उलटून पाहा. पांढरी लोकर दिसली, तर तिच्यात बारीक जाळे आहे का तेही पाहा, आणि पंप भरण्याआधी मालकाला सांगा.