६४२५ जणांचं देणं

माझ्या वडिलांनी गेल्या वर्षी ऐंशी ओलांडली. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सकाळचा चहा ते अजून स्वतः करतात, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि संध्याकाळी काठी न घेता देवळापर्यंत जाऊन येतात. त्यांच्या या म्हातारपणासाठी मी कुणाकुणाची ऋणी आहे हे आठवायला बसले, की घरचे, शेजारचे, डॉक्टर, सिस्टर अशी नावं पटापट येतात. ती माणसं समोर आहेत. दिवाळीला त्यांच्याकडे फराळ नेऊन देता येतो, दोन शब्द बोलता येतात. पण या देण्याचा फार मोठा भाग ज्यांचा आहे, त्यांना मी कधी पाहिलेलं नाही आणि त्यांची नावं मला कधी कळायचीही नाहीत. ती माणसं परक्या देशात, इस्पितळाच्या खाटेवर, धाप लागलेली असताना एका कागदावर सही करून गेली. ज्यांना शुद्ध नव्हती, त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी केली. त्यांतली बरीचशी नंतर घरी परतलीच नाहीत. मला त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

सप्टेंबर २०२०. कोविडमुळे पश्चिम महाराष्ट्रात तेव्हा इस्पितळात खाट मिळणं हेच नशीब होतं. नानांना ताप येऊन आठवडा होत आला होता, खोकला थांबत नव्हता. ओळखीच्या एका डॉक्टरांनी कशीबशी सोय केली. आत कुणाला सोडत नव्हते. रोज संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा आणि घरातले सगळे त्या फोनभोवती बसायचे.

पहिल्या संध्याकाळी माझ्या भावानं विचारलं, “डॉक्टर, स्टेरॉइड चालू केलं का? सगळीकडे तेच देतात म्हणे.”

“नाही दादा. नानांचं ऑक्सिजन साध्या हवेवर पंच्याण्णव आहे. आत्ता स्टेरॉइड दिलं तर फायदा नाही. झालं तर नुकसानच होईल.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला. “ताई, दुपारपासून नव्वदच्या खाली उतरतंय. मास्क लावलाय. डेक्सा चालू केलं. सहा मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस.”

काल नाही आणि आज हो. घरात त्यावरून कुजबुज झाली. कालच दिलं असतं तर ही वेळ आली नसती, असं भावाला वाटत होतं. मी संख्याशास्त्र शिकवते. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याच्या चाचणीचा शोधनिबंध मी जुलैमध्येच वाचला होता, विद्यार्थ्यांसाठी त्यातला तक्ता उतरवूनही घेतला होता. त्यामुळे डॉक्टरांची ती दोन वाक्यं कुठून आली हे मला माहीत होतं. तक्त्यातली एक ओळ आमच्या घरात येऊन बसली होती.

त्या चाचणीचं नाव रिकव्हरी. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे हे तिचे प्रमुख. मार्च २०२० मध्ये आराखडा हातात आल्यापासून अवघ्या नऊ दिवसांत, १९ मार्चला, पहिला रुग्ण दाखल झाला. ज्यांनी औषधांच्या चाचण्यांचं काम जवळून पाहिलंय त्यांना या वेगाचं महत्त्व कळेल, कारण एरवी परवानग्यांमध्येच महिनेच्या महिने जातात. ब्रिटनमधली पावणेदोनशेच्या वर सरकारी इस्पितळं तीत उतरली. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या डॉक्टर-नर्सना जमेल इतकं सगळं साधं ठेवलं होतं. संमतीचा कागद छोटा, शेवटी भरायचा तक्ताही छोटा. रुग्णाला कोणतं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नव्हते, रुग्णही ठरवत नव्हता. संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवत होता.

डेक्सामेथासोन हे काही नवं औषध नव्हतं. १९५७ पासूनचं, सांधेदुखी, दमा, ॲलर्जी यांसाठी गावोगावच्या दवाखान्यांत वापरलं जाणारं. प्रश्न असा होता की कोविडमध्ये ते द्यावं की नाही. स्टेरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, मग विषाणूला मोकळं रान मिळेल, अशी रास्त भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेनंही सुरुवातीला सरसकट वापरू नका असंच सांगितलं होतं. दुसरीकडे अनुभवी डॉक्टर म्हणत होते की दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसांची जी नासाडी होते ती बरीचशी शरीराच्या स्वतःच्याच भडकलेल्या प्रतिकारामुळे, आणि ती स्टेरॉइडनं शमेल. दोन्ही बाजूंना जाणती माणसं होती. अशा वेळी वाद घालून उत्तर मिळत नाही.

रिकव्हरीत या प्रश्नासाठी घेतलेल्या ६४२५ जणांपैकी २१०४ जणांना डेक्सामेथासोन मिळालं. ४३२१ जणांना त्याशिवायचे नेहमीचे उपचार मिळाले. अठ्ठावीस दिवसांनी मोजदाद झाली. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत औषध न मिळालेल्यांपैकी ४१.४ टक्के दगावले होते, मिळालेल्यांपैकी २९.३ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ आणि २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात औषध न मिळालेले १४ टक्के गेले, तर मिळालेले १७.८ टक्के. म्हणजे त्यांना फायदा तर नाहीच, कदाचित अपायच. १६ जून २०२० ला हा निष्कर्ष जाहीर झाला, त्याच दिवशी ब्रिटनमध्ये हे औषध नेहमीच्या उपचारांत आलं. २७ जूनला ते भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या उपचारपद्धतीत आलं. सप्टेंबरमध्ये ते आमच्या नानांच्या हाताच्या शिरेत गेलं.

“काल नाही” हे वाक्यसुद्धा कुणीतरी आपल्या जिवावर कमावलेलं होतं. ऑक्सिजनची गरज नसताना ज्यांच्या वाट्याला डेक्सा आलं, त्या माणसांमुळे आमच्या डॉक्टरांना एक दिवस थांबायचं बळ मिळालं. त्यात नाना मधुमेही. गरज नसताना, मनाला येईल त्या मात्रेत स्टेरॉइड घेतलेल्या मधुमेही रुग्णांचं पुढच्या वर्षी म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं काय झालं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते ४३२१ जण. त्यांतले १११० गेले. डेक्सा मिळालेल्यांतले ४८२ गेले. एकूण १५९२. औषध उपयोगी पडतं हे कळायला, ते न मिळालेल्यांचं काय होतं हे कळावंच लागतं, त्याला पर्याय नाही. मी वर्गात हे एका वाक्यात सांगत आले होते: तुलनेसाठी दुसरा गट हवा. पण दुसरा गट म्हणजे कुणाचे तरी आई-वडील. त्या एप्रिलमध्ये त्यांनाही भेटायला कुणाला सोडत नव्हते. त्यांच्याही घरी संध्याकाळी फोनभोवती माणसं बसली असतील. त्यांच्यावर अन्याय झाला असं मात्र मी म्हणणार नाही. औषध तारेल की मारेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांना जगातले त्या वेळचे चांगल्यात चांगले उपचार मिळत होते. त्यांनी एवढंच मान्य केलं होतं की आपल्या वाट्याला जे येईल त्यातून पुढच्याला काहीतरी कळावं. तो पुढचा माणूस आमचे नाना होते.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. ऑक्सिजनवरच्या साधारण पंचवीस जणांना हे औषध दिलं की एकाचा जीव वाचतो, असा त्या निष्कर्षांचा हिशेब. नाना त्या पंचविसांतले ते एक होते, की औषधाशिवायही उठले असते अशांपैकी होते, हे कुणीच सांगू शकत नाही. पण म्हणून देणं कमी होत नाही. डॉक्टरांना त्या दुपारी ठामपणे एक गोष्ट करता आली, अंधारात चाचपडावं लागलं नाही, यासाठीच मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा मार्च २०२१ मधला अंदाज असा की तोवर जगभरात या औषधानं सुमारे दहा लाख जीव वाचवले होते. ते दहा लाख कोण, हेही कुणी नावानिशी सांगू शकणार नाही.

नाना इस्पितळात होते त्या दिवसांत माझा भाऊ प्लाझ्मासाठी रात्रंदिवस फोन फिरवत होता. कोविडमधून बरे झालेले दाते शोधायचे, रक्तगट जुळवायचा. बापासाठी लेकरू आणखी काय करणार? डॉक्टरांनी त्याला समजावलं, “दादा, आपल्याच देशातल्या चाचणीचे आकडे नुकतेच आलेत. प्लाझ्मानं फरक पडत नाही.” भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ३९ इस्पितळांत ४६४ रुग्णांवर ती चाचणी केली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्क्यांची प्रकृती फार बिघडली किंवा मृत्यू आला, न मिळालेल्यांत १८ टक्क्यांची. ही आपली माणसं होती, कुठल्या कुठल्या गावांतून आलेली. एप्रिल ते जुलै २०२० या काळात, धास्ती टिपेला असताना, त्यांनी सह्या केल्या आणि आमच्यासारख्या घरांची पुढची वणवण वाचवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीतही भारतीय रुग्ण होते. तिचं आपल्याकडचं काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं सांभाळलं. ब्रिटनचं कौतुक करताना हे विसरायला नको.

नानांना घरी सोडलं तेव्हा सिस्टरनी उरलेल्या औषधांची पिशवी हातात दिली. तिच्यात डेक्साची एक न फोडलेली बाटली होती. अंगठ्याएवढी, दोन मिलिलिटरची, आत पाण्यासारखं निवळ औषध. त्यातलं दीड मिलिलिटर म्हणजे नानांचा एका दिवसाचा डोस. औषधांच्या लांबलचक पावतीवर सर्वांत लहान रक्कम तिचीच होती.

नाना त्या रात्री मऊ भात खाऊन पडले आणि अचानक त्यांच्या आईविषयी बोलू लागले. माझी ही आजी साठच्या दशकाच्या सुरुवातीला क्षयानं आजारी पडली. त्याआधी क्षय म्हटलं की माणसाला घरापासून दूर, मिरजेला नाहीतर पाचगणीला, सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, ही रीत होती. पैसेवाल्यांना ते परवडायचं. आजीला तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, “घरीच राहा. गोळ्या चुकवू नका.” पास नावाच्या औषधाच्या गोळ्यांनी तिच्या पोटात ढवळायचं, त्या गिळताना ती डोळे मिटून घ्यायची, हे नानांना आठवतं. तिनं वर्ष काढलं, बरी झाली आणि पुढे मला न्हाऊमाखू घालण्याइतकी जगली.

घरीच राहा, हे त्या तालुक्याच्या डॉक्टरांना कुणी सांगितलं? मद्रासच्या रुग्णांनी. १९५६ मध्ये तिथे क्षयोपचाराचं केंद्र सुरू झालं. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स तिथे काम पाहत होते. शहरातल्या गरीब क्षयरुग्णांचे चिठ्ठ्यांनीच दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, चांगला आहार आणि विश्रांती घेत. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, तुटपुंज्या जेवणावर. औषधं दोघांना तीच, आयसोनिआझिड आणि पास, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. घरातल्या मुलाबाळांना जास्त लागण होते का, हेही पुढे पाच वर्षं पाहिलं गेलं. होत नव्हती. ज्या घरात क्षयाचा रुग्ण औषध घेत होता, तिथे नाना शाळकरी वयात आईजवळ निजत होते. मद्रासमधल्या तशाच पोरांवर नजर ठेवली गेली, म्हणून नानांची आई त्यांच्यापासून तुटली नाही. सगळ्या जगातली सॅनेटोरियमं त्यानंतर हळूहळू रिकामी झाली. ही भारतीय गरिबांची जगाला देणगी आहे, आणि ती आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आता नाना रक्तदाबाची गोळी घेतात. ऐंशीनंतर रक्तदाब उतरवावा की जसा आहे तसा राहू द्यावा, याबद्दल डॉक्टरांतच बराच काळ दुमत होतं. २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्या ३८४५ म्हाताऱ्यांच्या चाचणीनं ते मिटवलं. युरोप, चीन, ट्युनिशिया अशा ठिकाणचे हे आजी-आजोबा. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. खरी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी. नानांची रोजची गोळी त्यांच्याकडून आली आहे.

आपल्याकडे चाचणी म्हटलं की “आम्ही काय उंदीर आहोत का?” असं चटकन तोंडात येतं. त्या रागाला कारणं आहेत. गरिबांना नीट न सांगता, कळू न देता त्यांच्यावर औषधं वापरली गेल्याच्या तक्रारी या देशात झालेल्या आहेत आणि त्या विसरू नयेत. म्हणूनच आज नियम आहेत. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई मिळायला हवी. नैतिकता समितीची मंजुरी लागते. प्रत्येक चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते आणि ती कुणालाही पाहता येते. मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, आणि त्यावरून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

तेव्हा तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या खाटेशी येऊन कुणी विचारलं, “आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?” तर लगेच मान फिरवू नका. नोंदणी क्रमांक मागा, समितीचं नाव विचारा, धोका काय आणि भरपाई कुणाकडून हे विचारा. कागद मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. उत्तरं पटली नाहीत तर नाही म्हणा. पटली, तर सही करा.