पाटणादेवी ते बळसाणे : काळ्या पाषाणातील दोन दिवस

सुट्टीत कोठे जावे, असा विषय घरात निघाला की महाबळेश्वर, माऊंट अबू, केरळ ही नावे आपोआप पुढे येतात. आपल्या खानदेशाचे नाव कोणी काढत नाही. मीही कधी काढले नव्हते. बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीपैकी निम्म्याहून अधिक काळ मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील ग्रामीण शाखांत घालविला. पाटणादेवीला एकदा वसुलीच्या दौऱ्यावर असताना गेलो होतो. देवळाच्या पायरीवर नारळ ठेवला आणि त्याच जीपने परत फिरलो. डोंगराकडे मान वर करून पाहिल्याचे आठवत नाही.

गेल्या वर्षी चातुर्मास संपला, साधु-साध्वींचे विहार सुरू झाले आणि आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या गटानेही दोन दिवसांचा प्रवास ठरविला. आम्ही आठ जण होतो आणि नववी माझी आठवीत शिकणारी नात. गटात भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक होते, हे आमचे भाग्य. जळगावहून सकाळच्या गाडीने चाळीसगाव गाठले आणि तेथून सुमारे १८ किलोमीटरवरील पाटणादेवीचा रस्ता धरला.

शेते मागे पडली आणि समोर सातमाळा-अजिंठ्याची रांग उभी राहिली. प्राध्यापकांनी गाडी थांबवायला सांगितली. डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या : उभा कडा, मग उताराची पायरी, पुन्हा कडा, पुन्हा पायरी. ते म्हणाले, ‘‘प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एक थर. एक थर निवाला, त्यावर दुसरा आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.’’

नातीने लगेच विचारले, ‘‘मग ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे, आजोबा?’’ मला उत्तर येत नव्हते. प्राध्यापकांनी सांगितले, की चित्रात दिसतो तसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी येथे शोधू नये. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पसरलेला आहे. ‘‘भेग पाहायची असेल तर उद्या धुळे जिल्ह्यात दाखवतो,’’ असे त्यांनी तिला वचन दिले.

पाटणादेवीचे रान हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून ते जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. साग, सालई, धावडा, पळस आणि मध्येच खडकाच्या फटीत मुळे रोवून उभा असलेला अंजन. ही झाडे पाहिली की जाणवते, येथे मातीचा थर किती पातळ आहे. त्याचा दुसरा परिणाम चाळीसगावकरांनी ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस भोगला. डोंगरात अतिवृष्टी झाली, खडकाने पाणी धरले नाही आणि काही तासांत तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी गावात शिरले.

चंडिकादेवीचे दर्शन घेतले. या परिसराशी गणिती भास्कराचार्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे जन्मगाव कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापन केला, असे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख येथेच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आयुष्यभर व्याजाचे गणित केलेल्या माणसाने तेथे हात जोडले, यात नवल नाही.

आपल्या वाचकांना आवर्जून सांगावे असे स्थान म्हणजे कन्हेरगडाच्या डोंगरातील नागार्जुन कोठडी. ही जैन लेणी आहे. वाटाड्या घेऊन, काठी टेकत आम्ही वर गेलो. लहानशी ओसरी, दोन खांब, आत ओबडधोबड दालन आणि मागच्या भिंतीत पद्मासनस्थ जिनप्रतिमा. ना दिवा, ना पुजारी. आम्ही काही वेळ मौन बसलो. बाहेर आलो तेव्हा भिंतीवर कोणी तैलरंगाने लिहिलेली दोन नावे दिसली. नात म्हणाली, ‘‘ज्यांनी ही मूर्ती घडवली त्यांनी आपले नाव नाही लिहिले.’’ त्यावर कोणी काही बोलले नाही.

उतरताना एका नाल्याच्या काठी खडकाचा उभा छेद दिसला. तळाशी गुळगुळीत, घट्ट काळा पाषाण. त्यावर पांढरट ठिपक्यांचा, सच्छिद्र खडक. आपले विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या वर विटेसारखा तांबडा थर, आणि त्या थराच्या माथ्यावरून, कार्तिकातही, पाण्याची बारीक धार झिरपत होती. प्राध्यापक म्हणाले, ‘‘घट्ट पाषाण पाणी धरत नाही. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. तांबड्या थरावर अडले की ते झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. विहीर लागणार की नाही, हे शेतकऱ्याच्या कष्टावर नव्हे, खाली कोणता थर आहे यावर ठरते.’’

मी तेथेच थबकलो. साक्री तालुक्यातील एका शाखेत असताना मी विहिरीसाठी कर्जे मंजूर करीत असे. त्यातील एका शेतकऱ्याची विहीर पन्नास फुटांवर थांबली. पाहणीला गेलो तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘सायेब, खडक लागना, पानी नही लागनं.’’ शेजारच्या शेतात, दोनशे पावलांवर, विहीर भरलेली होती. ते पाहून मी अहवालात लिहिले, की काम अपूर्ण, कर्जदाराची हलगर्जी. पुढे वसुलीची नोटीस गेली, तीवर सही माझीच होती. कर्जाच्या फाईलमध्ये सात-बारा होता, जामीनदार होते, अंदाजपत्रक होते. खडकाचा रकाना नव्हता, आणि मीही तो विचारला नव्हता.

दुपारी औट्रम घाटाने, म्हणजे आपल्या कन्नड घाटाने, वर जाऊन पितळखोऱ्याची लेणी पाहिली. पाटण्याहून रानवाटेनेही तेथे जाता येते. आम्ही वयाचा मान राखून मोटार घेतली आणि शेवटी दरीत पायऱ्या उतरलो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात आरंभ झालेली ही बौद्ध लेणी आहेत. खडक ठिसूळ, वरून झिरपणारे पाणी. त्यामुळे पडझड फार झाली आहे. पण ज्यांनी ती खोदली त्यांना हे पाणी ठाऊक होते. पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग कोरून त्याच्या फण्यांना छिद्रे ठेवली आहेत. आत खोदलेल्या पन्हाळीतून आलेले पावसाचे पाणी त्या छिद्रांतून बाहेर पडावे, अशी योजना. येथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती कृष्णदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख आहे. सुवर्णनगरी जळगावच्या माणसाला हे वाचून आनंदच व्हावा. मला मात्र तो नाग अधिक लक्षात राहिला. दोन हजार वर्षांपूर्वीचे पाथरवट खडकाला विचारून काम करीत होते.

रात्री धुळ्यात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी साक्री तालुक्यातील बळसाणे येथे श्री विमलनाथ भगवानांच्या तीर्थाचे दर्शन घेतले. गावातील प्राचीन मंदिरांचे अवशेषही पाहिले. मग प्राध्यापकांनी नातीला दिलेले वचन पाळले. माळावर मैलोगणती सरळ धावणारी, कोणी मुद्दाम रचल्यासारखी काळ्या खडकाची कणा-भिंत त्यांनी दाखविली. लाव्हा भेगेतच निवाला की अशी भिंत तयार होते; तिला डाईक म्हणतात. भोवतालचा खडक झिजला, भिंत उरली. धुळे-नंदुरबार परिसरात अशा भिंती शेकड्यांनी आहेत आणि अशाच काही भेगांतून लाव्हा वर आला असावा, असे मानले जाते. ‘‘जमिनीखालीही ही भिंत असतेच,’’ ते म्हणाले. ‘‘ती बांधासारखे पाणी अडवते. म्हणून एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरड.’’

ते गाव तेथून फार दूर नव्हते. मी गाडी तिकडे घ्यायला सांगितली. शेतकरी आता हयात नाही. त्याचा मुलगा भेटला. विहीर तशीच होती, पावसाळ्यापुरती ओली. शेत आणि शेजाऱ्याची भरलेली विहीर यांच्या मधून, बाभळींनी झाकलेली, काळ्या दगडांची एक सरळ रांग गेली होती. नोकरीच्या काळात मी ती कितीदा ओलांडली असेन! मुलाला मी एवढेच म्हणालो, की त्या वेळी तुमच्या वडिलांविषयी मी जे लिहिले ते चुकीचे होते. वडिलांना तो कागद वाचता आला नव्हता, असे तो म्हणाला. बैलजोडी विकावी लागली हे मात्र ते शेवटपर्यंत सांगत. मग त्याने चहा ठेवला. आम्ही तो घेतला. याहून अधिक काही घडले नाही, आणि घडावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

ज्यांना हा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी काही सूचना. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. भर पावसाळ्यात धबधबे देखणे असतात, पण नाल्यांना अचानक पूर येतो आणि वाटेवर पाऊल ठेवावे तेथे जीव असतात. वन खात्याचे नियम पाळावेत, वाटाड्या अवश्य घ्यावा. शिदोरी व उकळलेले पाणी बरोबर ठेवावे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून रानाबाहेर पडावे. प्लास्टिक परत आणावे. माकडांना खाऊ घालू नये. लेण्यांच्या भिंतीला हात लावू नये, तेथे नाव तर मुळीच लिहू नये.

आणि मुलांना बरोबर न्यावे. ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे, हा प्रश्न माझ्या नातीने पहिल्या तासात विचारला. मी त्याच डोंगरांच्या पायथ्याशी इतकी वर्षे कागद रंगविले, पण पायाखाली काय आहे हे कधी विचारले नाही.