शिट्टीनंतरचं बोलणं

बास्केटबॉलमध्ये फाउल दिल्यावर रेफरी आधी हातांनी बोलतो, तेही स्कोअररच्या टेबलाशी. खेळाडूचा नंबर, फाउलचा प्रकार, पुढे फ्री थ्रो की थ्रो-इन. या खुणा मी सावकाश आणि स्वच्छ करतो, कारण त्याच वेळी बेंचवरचा कोचही माझ्या हातांकडे बघत असतो. त्या घाईघाईत उरकल्या की त्याला वाटतं, यालाच खात्री नाही.

मग प्रश्न येतो. नागपाड्यासारख्या ठिकाणी प्रेक्षक अगदी रेषेला खेटून, त्या गलक्यात कोच ओरडतो, ‘‘सर, ब्लॉक कसा? पोरगा उभा होता!’’ खेळ चालू असताना मी उत्तर देत नाही. नजर खेळाडूंवरून हलवायची नसते. घड्याळ थांबलं की त्याच्याजवळून जाताना सांगतो, ‘‘शूटर हवेत गेल्यावर तो वाटेत आला, सर.’’ एवढंच. शूटरने उडी घेण्याआधी जागा धरली असती तर ती बचाव करणाऱ्याची होती, हा नियम कोचला पाठ असतो. मी नेमकं काय पाहिलं, ते त्याला हवं असतं. म्हणून ‘मला तसं दिसलं’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. कुठला हात, कुठला पाय, कधी, हे सांगता आलंच पाहिजे. कॉल जोडीदार रेफरीचा असेल तर त्याच्या वतीने मी तर्क लढवत नाही.

प्रश्नाला उत्तर द्यावं, शेऱ्याला देऊ नये. पण शेऱ्यांची सरबत्ती सुरू झाली की गप्प राहूनही भागत नाही. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे बेंचवर दिलेला टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाउलही हेड कोचच्याच नावावर लागतो, म्हणून मी थेट त्याच्याकडे जातो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘‘सर, बेंच तुम्ही आवरा.’’ हीच समज मैदानाच्या मधून हात नाचवत दिली, तर आपल्या पोरांदेखत माघार घेणं त्याला जड जातं. या पोरांना त्यानं उन्हातान्हात घडवलेलं असतं. त्यांच्यासमोरचा त्याचा मान राखणं हे मी माझ्या कामाचाच भाग मानतो.

तरीही टेक्निकल द्यावा लागतो. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. आणि कोचचे स्वतःचे दोन टेक्निकल झाले तर त्याला बाहेर जावं लागतं. खूण करायची, टेबलाला कळवायचं आणि तिथून बाजूला व्हायचं, रोखून बघत उभं राहायचं नाही. पुढची काही मिनिटं त्या बेंचशी बोलायची वेळ आलीच, तर जोडीदार जातो. नंतर टाइमआउट संपताना कोचने ‘‘सर, बॉल कुणाचा?’’ असं विचारलं, तर पहिल्या क्वार्टरमध्ये दिलं असतं तसंच उत्तर द्यायचं: ‘‘तुमचाच, सर. बेसलाइनवरून.’’