मूळ

हरळी वर दिसते त्याच्या दुप्पट खाली असते, असं आमचे आबा म्हणायचे. उन्हाळ्यात नांगरट झाली की आम्ही भावंडं पाट्या घेऊन तासातासानं फिरायचो आणि हरळीच्या काश्या वेचायचो. बोटभर कांडी ढेकळात राहिली तरी मृगाच्या पावसात फुटायचीच. संध्याकाळी बांधावर काश्यांचा ढीग पेटवून आबा विचारायचे, "मूळ र्‍हायलं न्हाई न्हवं?" मूळ हा शब्द मला पहिल्यांदा असा ठाऊक झाला, धुरासकट.

आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. तिकडची मालदांडी ज्वारी सगळ्यांना माहीत आहे. पण ती ज्या काळ्या रानात पिकते, त्यात आमचा वाटा नव्हता. आमची जमीन माळाकडची, मुरमाड. असं का, ते मला हेळव्याकडून कळलं.

दोन-तीन वर्षांतून एकदा हेळवी यायचा. सकाळी दारात बैल उभा करायचा आणि घराण्याची नावं म्हणायला लागायचा. पणज्याचा बाप कोण, त्याला लेक किती, कोण निपुत्रिक गेला, सगळं त्याच्या वहीत. आई त्याला सुपानं ज्वारी घालायची, आबा धोतर द्यायचे. आमच्या घराचं वाचन मात्र लवकर आटपायचं. मूळपुरुषापाशी आला की हेळवी म्हणायचा, "माणदेशातनं दुष्काळानं उठला, एक म्हस आन दोन ल्येकरं घिऊन हितं आला." संपलं. मग तो उठून वाड्याकडं जायचा. तिथलं वाचन दुपार कलली तरी चालायचं.

त्या वाड्याच्या भावकीला गावात 'मूळ घर' म्हणत. मराठेशाहीत वतनाची जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, अशी रीत होती. सातबाऱ्यावर हे शब्द आता शोधूनही सापडायचे नाहीत. लोकांच्या तोंडातून मात्र ते गेले नाहीत. आमची पाच पिढ्या माणसं त्या गावात जन्मली आणि तिथल्याच ओढ्याकाठी जळाली, तरी आम्ही उपरेच. पंगतीत कुठं बसायचं, पालखीला खांदा कुणी आधी द्यायचा, भांडणात कुणाचं तोंड आधी बंद करायचं, हे सगळं त्या एका शब्दावर ठरायचं.

आमच्याकडं ज्येष्ठी पुनवेला बेंदूर असतो. कुणी कारहुणवी म्हणतं. शिंगं रंगवून, झुली घालून बैल वेशीकडं नेतात. वेशीत पाल्याची कर आडवी बांधलेली असते. मानाचा बैल ती तोडून आत शिरतो आणि मग बाकीचे बैल. मान अर्थातच मूळ घराचा.

1974 सालचा बेंदूर. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. 1972 च्या दुष्काळात आबा आणि आई खडी फोडायला गेले, आम्ही मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, पण आबांनी आमची खिलार जोडी विकली नाही. ती जगली, आणि पुढच्या पावसावर अशी भरली की बघणारा थांबायचा. त्या दिवशी धाकट्या बैलाचा कासरा माझ्या हातात होता. हलगी कडाडली, बैल बुजला, कासरा माझ्या हातातून सुटला, आणि सगळ्यांच्या पुढं धावत जाऊन त्यानं कर तोडली.

हलगी थांबली. वाड्यातला एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "उपऱ्याच्या जनावरानं कर तोडली. गावाचं मूळ हाललं आज." आबांनी डोक्याचा पटका काढला आणि सगळ्या गावासमोर त्याच्या पायावर ठेवला. नवी कर बांधली. मानाचा बैल परत नेऊन परत आणला.

रात्री पोळी तशीच राहिली. आबा गोठ्यात बसले होते. मार मिळणार म्हणून मी लांब उभा. पण ते बैलाच्या मानेवर हात फिरवत त्यालाच म्हणत होते, "तुझं काय चुकलं रं? तुला कुठं ठावं, तू उपरा हायस."

ते वाक्य मी पन्नास वर्षं जपलं आहे. आबांची बाजू घेऊन मी गावाशी मनात पुष्कळ भांडलो. पण आबांच्याच हातून त्याच शब्दानं जे झालं, ते बघायला मला फार वर्षं लागली.

माझी थोरली बहीण, अक्का, मूळ नक्षत्रावर जन्मलेली. सत्तावीस नक्षत्रांतलं हे एकोणिसावं. मुळावरचं लेकरू बापाला वाईट, असा समज. शांत होईपर्यंत बापानं त्याचं तोंड बघायचं नाही. आबांनी अक्काला पहिल्यांदा बघितलं ते तेलाच्या वाटीत. आई सांगायची, तेल हललं आणि पोरीचं तोंडही हललं, तर आबा घाबरून उठले. पुढं काही झालं, बैल आजारी पडला, विहिरीचं पाणी गेलं, की कुणीतरी म्हणायचंच, पोरगी मुळावर आलीया. एखाद्याच्या जिवावर उठणं याला आपण 'मुळावर उठणं' म्हणतो. आमच्या घरात ती बोलण्याची रीत नव्हती. जेवायला बसलेल्या पोरीसमोर तिच्याच नावानं ते बोलत.

मुळावरची मुलगी सासऱ्याला वाईट, असा दुसरा समज. आश्लेषाची सासूला, मुळाची सासऱ्याला. अक्काला तीन स्थळं आली, पत्रिका बघून तिन्ही परत गेली. मग आबांनी सासराच नसलेलं घर शोधलं. 1970 साली सोळा वर्षांची अक्का एका बिजवराला दिली. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, पदरात एक मूल, अंगात दारू. घर बघून आल्यावर आई चुलीपुढं रडली. आबा म्हणाले, "सासरा न्हाई, हेच लई झालं."

अक्काचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहितो, की ती ज्यांच्या मुळावर आली असं म्हणत, ते आबा चौऱ्याऐंशी वर्षं जगले.

2011 साली माझ्या मुलाचं बघत होतो. एक मुलगी सगळ्यांना पसंत पडली. घर आमच्यासारखंच, मुलगी बारावी शिकलेली, बोलायला मोकळी. सुपारी फुटायच्या आधी तिचे वडील एकटेच आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "पावणं, एक सांगायचं हाय. पोरगी मुळावरची हाय. मधला माणूस म्हणतोय दुसरी पत्रिका करू. मला ते जमायचं न्हाई. तुमास्नी ठरवायचं."

मुलीचा सासरा म्हणजे मी.

मी दहावी शिकलेला. अंधश्रद्धेवर गावात दोनदा भाषण केलेला. पण खरं सांगतो, माझ्या छातीत त्या वेळी धस्स झालं. रात्री बायको म्हणाली, "जग काय म्हणतंय ते मला नगं सांगू. कुंकू माझं हाय." तिला मी काय बोलणार? ती माझ्याच जिवासाठी बोलत होती. दुसऱ्या दिवशी घरात न सांगता मी एका ज्योतिष्याकडं गेलो. तो म्हणाला, मुळाचे चरण चार. पहिला बापाला वाईट, दुसरा आईला, तिसरा धनाला, चौथा शुभ. मुलीची जन्मवेळ विचारून घ्या.

मी तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "वस्तीवर जलमली. घड्याळ कुठलं? कोंबडं आरवायच्या आदी, एवढं आठवतंय." चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे चरण सहा तासांचा. कोंबड्याच्या भरवशावर एक चरण संपून दुसरा कधी लागला, हे कोण सांगणार? आणि त्यावर माझं मरण ठरणार!

तो वैशाख होता. लाईट रात्रीची, म्हणून उसाला पाणी द्यायला मी मध्यरात्री रानात होतो. दक्षिणेला आभाळात विंचू पूर्ण वर आला होता. लहानपणी आबांनीच दाखवलेला. मधली तांबडी चांदणी ती ज्येष्ठा, आणि खाली वळलेली नांगी ते मूळ. बारं भरेपर्यंत मी तिच्याकडं बघत बसलो आणि बोटं मोडून हिशेब केला. चंद्र सत्तावीस दिवसांत सगळी नक्षत्रं फिरून येतो. म्हणजे सत्तावीस लेकरांमागं एक मुळावरचं. आमच्या गावची वस्ती अडीच-तीन हजार. म्हणजे गावात शंभरेक माणसं मुळावरची फिरत असणार. त्यातल्या कितीकांच्या पत्रिकाच नसतील. त्यांचे बाप, त्यांचे सासरे पारावर तंबाखू चोळत बसलेले मी रोज बघतो. शिवाय मूळ घरातही पाच-सहाजण मुळावरचे असणारच की! त्यांना कुणी कधी मागं उभं केलं?

हिशेब पटला. भीती मात्र गेली नाही. पहाटे मोटार बंद केली आणि घरी न जाता पहिल्या एस्टीनं अक्काकडं गेलो.

अक्का शेणकूट थापत होती. ऐकून घेतलं सगळं. हात न थांबवता विचारलं, "तू भितोस व्हय?"

"भितो."

"मग आन तिला. भिऊन माणूस मरत न्हाई. म्या रोज भ्याली, मेली का?"

परत येताना बसमध्ये मला एकदम तो बेंदूर आठवला. वेशीत उभा राहून दुसऱ्याला मागं ढकलणारा तो म्हातारा, आणि इथं पत्रिका हातात घेऊन बसलेला मी, यात फरक काय होता? त्याच्याकडं मूळपुरुष होता, माझ्याकडं मूळ नक्षत्र. आमच्या पणज्याचा पणजा दुष्काळात उठला यात आमचा काय गुन्हा, असं मी जन्मभर विचारत आलो. एक पोरगी कोंबडं आरवायच्या आधी जन्मली, यात तिचा काय गुन्हा, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. आपल्यात म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. ऋषीचं विचारू नये, मग गरिबाच्या पोरीचंच का विचारायचं?

लग्न झालं. पत्रिका मी परत करून टाकली. बायकोनं मला न सांगता शांत करून घेतली, ते मला वर्षानं कळलं. मी काही बोललो नाही. तिचं भय तिला मोठं.

2019 च्या पावसाळ्यात माझ्या छातीत कळ आली. मुलगा बाहेरगावी. सुनेनं शेजारची जीप बोलावली, मला मागं आडवं केलं आणि सोलापूरला नेलं. स्टेंट बसला. शुद्धीवर आलो तेव्हा बायको पायाशी होती आणि सून दाराशी. बायकोनं एकदा, एकदाच, तिच्याकडं मान वळवून बघितलं. काही बोलली नाही. पण ते बघणं मला दिसलं, आणि सुनेलाही दिसलं.

घरी आल्यावर आठवड्यानं सून औषधं द्यायला आली. पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिली. म्हणाली, "मामा, त्या रात्री मी तुमच्यापेक्षा जास्त भ्याले होते. तुम्ही गेला असता तर एकदाच गेला असता."

आठ वर्षं ती आमच्या घरात हे घेऊन वावरत होती. मला सर्दी झाली तरी तिची झोप उडत असेल. मी मोठेपणानं लग्नाला हो म्हणालो होतो आणि काम संपलं असं समजलो होतो. त्या दिवशी मी बायकोला समोर बसवून पहिल्यांदा अक्काची सगळी गोष्ट सांगितली, तेलाच्या वाटीपासून. तिला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं, सलग कधी कुणी सांगितलं नव्हतं. ऐकून ती उठली आणि सुनेच्या हातातली भाकरी काढून घेऊन म्हणाली, "व्हय बाजूला, मी थापते. तू बस घटकाभर." आमच्या घरात माफी अशीच मागतात.

मूळ शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो बायकांना पुरुषांपेक्षा आधी ठाऊक असतो. पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून जो येतो, त्याला मूळ म्हणतात. 'मूळ आलं का?' असं नव्या सुना ओट्यावर एकमेकींना विचारतात. आमच्या सुनेचा भाऊ पंचमीच्या आधी मोटारसायकलवरून येतो. त्याला बघून तिचं तोंड उजळतं. तेवढ्यापुरता हा शब्द त्या घरात कुणालाही टोचत नाही.

आबा गेल्यावर अक्काला न्यायला आमच्या घरून कुणीच जात नव्हतं. रानाची कामं, पोरांच्या शाळा, कारणं पुष्कळ होती. सुनेचं लग्न झालं त्या वर्षापासून मी जातो. मी साठी ओलांडलेला, अक्का सत्तरीच्या पुढं. फोन करून दिवस कळवतो. तरी ती सकाळपासून पिशवी भरून उंबऱ्यावर बसलेली असते. मी लांबून दिसलो की उठते, आणि मला हाक मारायच्या आधी शेजारच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं सांगते, "अगं ए, माझं मूळ आलं गं!"