चर्चगेटचें चर्च

चर्चगेट स्टेशनवर मी किती वेळां उतरलों असेन. पण हें चर्च कोणतें, असें कधीं मनांत आलें नाहीं. गेल्या दिवाळींत अमरावतीहून मुंबईस गेलों असतां धाकट्या मुलीनें तें विचारलें आणि उत्तरादाखल तीच मला फोर्टांतल्या सेंट थॉमस कॅथीड्रलांत घेऊन गेली. किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चच्या वाटेवर होता, तो चर्चगेट. दरवाजा गेला, नांव राहिलें.

गव्हर्नर ऑंजियरनें काम आरंभिलें. तो वारला आणि अर्धवट भिंती सुमारें चाळीस वर्षें तशाच उभ्या होत्या. रिचर्ड कॉब या पाद्र्यानें तें पुरें करविलें व १७१८ च्या नाताळांत तें उघडलें. कॅथीड्रलचा मान १८३७ चा. गाविलगडचे दरवाजे पाहिलेल्या माणसास ही वास्तु कांहीं भव्य वाटत नाहीं, हें स्पष्टच सांगतों.

मी थबकलों तो जोनाथन डंकनच्या स्मारकापाशीं. १८०३ सालीं इंग्रजांनीं गाविलगड घेतला तेव्हां मुंबईस हाच गव्हर्नर होता. म्हणून थोड्या आकसानेंच वाचूं लागलों. काशी व काठेवाड येथील बालहत्या त्यानें बंद केल्याचा उल्लेख त्या संगमरवरावर आहे. मारल्या जात त्या मुलीच.

दुसरीही मुलगीच, म्हणून हिच्या जन्माच्या वेळीं आमच्या घरीं बर्फी वाटली गेली नाहीं. वाटूं नका, असें कोणी म्हटलें नव्हतें. मीच उठलों नाहीं.

"काय लिहिलें आहे, बाबा?" तिनें विचारलें. इंग्रजी तिला माझ्याइतकेंच येतें. तरी मीं तिला तें मोठ्यानें वाचून दाखविलें.