शून्य चाचण्या म्हणजे पास नव्हे

परवा रात्री साडेअकराला पुतण्याच्या खोलीतला लाईट चालू दिसला म्हणून डोकावलो. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो इथं लातुरात घरी बसून करतो. स्क्रीनवर नुसत्या एररच्या लाल ओळी. म्हटलं, काय झालं रे?

"काका, टेस्ट प्रोजेक्ट बिल्डच होईना. लायब्ररीचा संदर्भ सापडत नाही म्हणतंय. साहेब म्हणाले, टेस्ट काढून टाक अन् दे पाठवून. उद्या डेमो आहे."

काम कशाचं? तर शेतकऱ्यांच्या जमिनीच्या नोंदीवरून मदतीची यादी काढायचं. मग मी खुर्ची ओढून बसलोच.

त्यानं सांगितलं ते असं. मूळ सॉफ्टवेअर वेगळं, त्याची तपासणी करणारं टेस्ट प्रोजेक्ट वेगळं. त्याला स्वतःचे संदर्भ द्यावे लागतात. आधीच्या माणसानं एमएसटेस्टची फाईल आपल्या कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवरून जोडली होती. तो नोकरी सोडून गेला, संदर्भ मात्र त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिला. घर बदललं पण रेशन कार्डावर जुनाच पत्ता, तसं.

पुतण्यानं जुना संदर्भ काढला. न्यूगेटवरून टेस्टफ्रेमवर्क पॅकेज घेतलं, मूळ प्रोजेक्टचा संदर्भ जोडला, रिस्टोअर केलं. लाल ओळी गेल्या.

मी म्हटलं, झालं की!

"थांबा काका. चाचण्या किती सापडल्या बघा. शून्य."

टेस्टअ‍ॅडॉप्टर नावाचं दुसरं पॅकेज राहिलं होतं. ते नसलं तरी बिल्ड होतं, पण एकही चाचणी चालत नाही. ते टाकल्यावर चाचण्या धावल्या आणि दोन नापास निघाल्या. त्यातली एक अशी: 0.40 हेक्टरचा दशांश मध्येच कापला जात होता अन् क्षेत्र 0 होत होतं. 0.40 हेक्टर म्हणजे साधारण एक एकर. एकरभर रान असलेला माणूस यादीतून गायब! मदत कुणाला आधी लागते, हे आपल्या भागात सांगायला नको.

2016 आठवतंय ना? 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. दुसऱ्याच्या पाण्यावर अवलंबून राहणं काय असतं ते लातूरकराला कळतं. त्याच्या तीनच आठवडे आधी, 22 मार्चला, एका प्रोग्रामरनं नावाच्या वादातून आपलं 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या 11 ओळींचं पॅकेज इंटरनेटवरून काढून घेतलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रोजेक्टचं बिल्ड अडलं. आपला संदर्भ कुठून येतो, हे माहीत नसलं की असं होतं.

पण अडलेलं दिसतं तरी. टेस्टच काढून टाकली तर काहीच अडत नाही, डेमो झकास होतो. चूक मग तलाठ्याच्या दारात, बँकेच्या रांगेत सापडते. आणि तिथं उत्तर एकच, "सिस्टीममध्ये नाव नाही."

पुतण्यानं पहाटे दोनला दुरुस्त करून पाठवलं. साहेब काही बोलले नाहीत.

यापुढं कुठल्याही सरकारी ॲपचं उद्घाटन असलं की मी एकच विचारणार आहे: चाचण्या किती होत्या, चालल्या किती, नापास किती? तुम्हीही विचारा. पैसा आपला आहे, यादीतली नावंही आपलीच आहेत.